स्वतःच्या गाडीत दुसरी बॅटरी आणि आपत्कालीन दिवे बसवताना

दिवाळीनंतरच्या एका रात्री वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत आमची गाडी उतारावरच्या झाडीकडे तोंड करून उभी होती. कड्यावर अडकलेल्या दोघांना दोर लावून खाली घेण्याचे काम चालू होते आणि उजेड हवा म्हणून आम्ही गाडीचे पुढचे दिवे लावून ठेवले होते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन, मागचे दिवे आणि मोबाइल चार्ज करायला लावलेले दोन चार्जर मिळून बॅटरीतून साधारण अकरा अँपिअर जात होते. अडीच तासांनी माणसे सुखरूप खाली आली, जखमीला गाडीत बसवले, सेल्फ मारला आणि फक्त ‘टक’ असा आवाज आला. वाडीतल्या सात-आठ जणांनी धक्का दिला आणि जुनी डिझेल गाडी उतारावर सुरू झाली, म्हणून त्या रात्री निभावले. चूक पूर्णपणे माझी होती. गाडी सुरू करायची बॅटरी आणि थांबल्यावर काम करायची बॅटरी वेगळी असावी लागते, हे मला ऐकून माहीत होते, पण केलेले नव्हते.

पुढे लिहिलेली पद्धत १२ व्होल्टच्या, स्वतःच्या वापरातल्या जीप, एसयूव्ही किंवा कारसाठी आहे. डोंगरात शोधकार्याला जाणारे, सर्प पकडायला रात्री-अपरात्री निघणारे, पुराच्या काळात गावासाठी गाडी काढणारे किंवा शेतावर रात्री पंपाची दुरुस्ती करणारे अशा लोकांना तिचा उपयोग व्हावा. गाडीच्या वायरिंगला हात लावण्याचा अजिबात अनुभव नसेल तर काम वाहन-इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. तरीही त्याने काय केले हे समजण्यापुरते तरी हे सगळे वाचावे, कारण बिघाड होतो तेव्हा तो इलेक्ट्रिशियन सोबत नसतो.

आधी कायद्याचे बघू

आपत्कालीन दिवा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर टपावर फिरणारा लाल-निळा दिवा येतो. तो खासगी गाडीवर लावता येत नाही, मग तुमचे काम कितीही परोपकाराचे असो. केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे काढले. असे दिवे रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलीस यांच्यासारख्या सेवांसाठी राहिले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार गाडीच्या पुढच्या बाजूला लाल प्रकाश दिसता कामा नये आणि मागच्या बाजूला, रिव्हर्सचा दिवा व इंडिकेटर यांसारखे ठरलेले अपवाद वगळता, लाल सोडून दुसरा प्रकाश दिसता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सायरनचा तर विचारही करू नये.

दंडाची भीती बाजूला ठेवली तरी माझे मत हेच आहे. खासगी गाडीवरच्या दिव्याने समोरच्याकडे रस्ता मागायचा नसतो. उभी गाडी लांबून दिसावी आणि गाडीभोवतीच्या पंचवीस-तीस फुटांत हातातले काम दिसावे, एवढेच त्याचे प्रयोजन आहे. ते मान्य केले की दिव्यांची निवड सोपी होते, खर्च कमी होतो आणि टपाला भोकेही पाडावी लागत नाहीत.

म्हणून मी चालत्या गाडीवर कोणताही जादा दिवा लावत नाही. गाडी रस्त्याकडेला पूर्ण थांबल्यावर चारही इंडिकेटर लावतो आणि चुंबकाच्या बुडाचा पिवळा लुकलुकणारा दिवा पेटीतून काढून टपावर ठेवतो. निघताना तो परत पेटीत जातो. कामाचे पांढरे दिवे गाडीला कायम बसवलेले असले तरी त्यांचे बटण गाडीच्या चावीपासून आणि हेडलाइटपासून स्वतंत्र ठेवले आहे, आणि मागच्या बाजूचा दिवा चालत्या गाडीत चुकून चालू राहू नये म्हणून त्याच्या बटणात लाल खूण पेटणारी जात निवडली आहे. इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घाटात धुके किंवा पाऊस आला की आपल्याकडे चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची खोड आहे. त्यामुळे तुम्ही वळणार आहात की थांबणार आहात की नुसते घाबरला आहात, हे मागच्याला कळतच नाही. ती सोय उभ्या गाडीसाठी आहे.

किती बॅटरी लागेल

दुकानात जाऊन ‘एक मोठी बॅटरी द्या’ असे म्हणण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. माझ्या गाडीचा हिशेब असा आहे : १८ वॅटचे दोन एलईडी कामाचे दिवे मिळून ३६ वॅट, पिवळा दिवा ६ वॅट, आतला पट्टीचा दिवा ४ वॅट आणि मोबाइल व हातातले वायरलेस संच चार्ज करायला २० वॅट. सगळे एकाच वेळी चालले तर ६६ वॅट होतात. १२ ने भागले की साडेपाच अँपिअर मिळतात आणि सहा तास काम चालेल असे धरले तर ३३ अँपिअर-तास लागतात.

शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त वीज वारंवार काढली की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते, म्हणून ३३ ची दुप्पट करून ६६ एएच (अँपिअर-तास) येते. शिवाय बॅटरीवर छापलेला आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केल्यावर मिळणारा असतो आणि दोन-तीन वर्षांनी तोही घसरतो. त्यामुळे मी ७५ ते ८० एएच धरायला सांगेन. त्याहून मोठी घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण वजन वाढते आणि लहान प्रवासांत ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून ती न वापरताच म्हातारी होते.

बॅटरीचा प्रकार आकाराहून महत्त्वाचा आहे. गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. ती दोन-तीन सेकंद दोनशे-तीनशे अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते आणि तासन्‌तास थोडी थोडी वीज काढणे तिला सोसत नाही. दुसऱ्या बॅटरीसाठी जाड पट्ट्यांची, खोलवर रिकामी होणे सहन करणारी बॅटरी घ्यावी. ती बोनेटखाली बसत असेल तर साधी, पाणी घालावी लागणारीही चालते. मात्र बहुतेक गाड्यांत बोनेटखाली जागा नसते, असली तर इंजिनची धग असते, आणि बॅटरी सीटखाली किंवा मागच्या डिकीत येते. माणसे बसतात त्या जागेत पाण्याची उघडी बॅटरी कदापि ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि गाडी कलंडली तर आम्ल सांडते. तिथे सीलबंद एजीएम प्रकारचीच, म्हणजे आम्ल काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषून ठेवणारी बॅटरी हवी.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी असते आणि तिच्यातली जवळजवळ सगळी वीज वापरता येते हे खरे. पण ती रिकामी असताना अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रातून, इतका प्रवाह ओढते की मंद वेगावर अल्टरनेटर तापून जळू शकतो. ती घ्यायची तर मध्ये प्रवाहावर मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर सक्तीचा समजावा. वर्षातून दहा-बारा रात्रींच्या वापरासाठी मला तो खर्च पटला नाही.

दोन बॅटऱ्या जोडायच्या आणि तोडायच्याही

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटरने दोन्ही बॅटऱ्या भराव्यात आणि इंजिन बंद होताच दोघींचा संबंध तुटावा, म्हणजे दिव्यांनी फक्त दुसरी बॅटरी रिकामी होईल. दोन्ही बॅटऱ्या नुसत्या समांतर जोडल्या तर एक मोठी बॅटरी तयार होते आणि दोन्ही एकदमच बसतात. असे जोडलेले मी दोन-तीन गाड्यांत पाहिले आहे.

हाताने फिरवायचा जाड कटऑफ स्विच हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो बिघडतही नाही, पण थकलेला माणूस पहाटे तीनला तो फिरवायला विसरतो. डायोडचे, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे आयसोलेटर आपोआप काम करतात, मात्र साध्या डायोडमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि बॅटरी कायम उपाशी राहते. जुन्या, साध्या अल्टरनेटरच्या गाडीसाठी व्होल्टेज पाहून चालणारा रिले, म्हणजे विजेने आपोआप जुळणारा-तुटणारा स्विच, मला सर्वांत योग्य वाटतो. मुख्य बॅटरीचे व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले, म्हणजेच अल्टरनेटर वीज देऊ लागला, की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि साधारण १२.८ च्या खाली आले की तोडतो. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली गेलेले असल्यामुळे तो तेव्हा तुटलेलाच असतो, हा त्याचा मोठा फायदा. चावीच्या वायरवर साधा सोलेनॉइड, म्हणजे चावी फिरवताच चुंबकाने जुळणारा स्विच, बसवला तर सेल्फ मारताना दुसऱ्या बॅटरीतूनही प्रवाह धावतो आणि मधला फ्यूज उडतो. त्यातही सेल्फसाठी मिळणारा सोलेनॉइड काही सेकंदांच्या वापराचा असतो, तो तासभर चालू ठेवला की तापून चिकटतो.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाड्यांच्या मालकांनी इथे थांबून नीट पाहावे. त्यांतल्या अनेक गाड्यांत इंजिनचा संगणक इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो. अशा गाडीत वरचा रिले सारखा जुळत-तुटत राहतो आणि दुसरी बॅटरी कधीच भरत नाही. मुख्य बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर वायर लागलेली छोटी पेटी दिसली तर तो बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर समजावा. या गाड्यांत २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर वापरावा आणि दुसऱ्या बॅटरीची ऋण वायर मुख्य बॅटरीच्या टर्मिनलवर न लावता गाडीच्या बॉडीला लावावी, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. वॉरंटीतल्या गाडीचा कोणताही वायरिंग-पट्टा कापू नये; घेतलेली वीज थेट बॅटरीच्या टोकावरून, स्वतंत्र फ्यूजमधूनच घ्यावी. विमा कंपनीलाही बसवलेल्या विद्युत साहित्याची लेखी कल्पना द्यावी.

वायर, फ्यूज आणि अर्थ

काटकसर करायची असेल तर ती दिव्यांत करावी, वायरमध्ये करू नये. बोनेटपासून पुढच्या सीटच्या मागे जायला सुमारे चार मीटर वायर लागते. तांब्याची ६ स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर ४० अँपिअर प्रवाहाला त्या चार मीटरमध्येच जवळजवळ अर्धा व्होल्ट गळतो. हीच वायर १६ स्क्वेअर एमएमची असेल तर गळती ०.१७ व्होल्टवर येते. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असताना अर्धा व्होल्ट कमी पोहोचला तर बॅटरी भरायला लागणारा वेळ कितीतरी वाढतो. म्हणून १६ स्क्वेअर एमएम, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची वायर घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. टोक खरवडल्यावर आतून पांढरी तार दिसली तर ती परत करावी.

फ्यूज दोन लागतात, आणि ही गोष्ट इलेक्ट्रिशियनला हमखास पटवून द्यावी लागते. घरातल्या वायरला वीज एका टोकाने मिळते, पण या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर दोन्हीकडून प्रवाह धावत येईल. त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत एकेक ६० अँपिअरचा, नटबोल्टने आवळायचा फ्यूज असावा. फ्यूज दिव्याचे रक्षण करतो असा समज आहे. तो खरे तर वायरचे रक्षण करतो, म्हणून त्याचा आकडा वायरला झेपेल त्याहून कमीच हवा.

वायर बोनेटमधून आत घेताना पत्र्याच्या मूळच्या भोकातून, रबरी ग्रोमेट लावूनच घ्यावी. तिच्यावर पूर्ण लांबीभर घड्यांचा लवचीक काळा पाइप चढवावा, सायलेन्सर आणि डिझेलच्या नळ्यांपासून लांब ठेवावी आणि वीतवीतभर अंतरावर पट्ट्यांनी बांधावी. कोकणातल्या रस्त्यांवर हादरे इतके बसतात की मोकळी लोंबणारी वायर एका पावसाळ्यातच स्वतःचे आवरण घासून काढते. टोकांना लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेले धातूचे तुकडे, लावताना ते पकडीने चेपू नयेत. क्रिम्पिंगचे खरे हत्यार भाड्याने किंवा उसने मिळते, ते आणावे. नुसते कथील ओतून बसवलेला लग गरम झाल्यावर सुटतो आणि हादऱ्यांनी कडेला तुटतो. लगवर उष्णतेने आवळणारी नळी चढवली की ओल आत शिरत नाही.

अर्थबद्दल, म्हणजे ऋण वायर गाडीच्या बॉडीला जोडण्याबद्दल, माझा अनुभव लिहितो. पहिल्यांदा काम करून घेतले तेव्हा कारागिराने दुसऱ्या बॅटरीची ऋण वायर सीटच्या चौकटीच्या रंगवलेल्या बोल्टला लावली होती. दिवे लागत होते, पण मंद, आणि बॅटरी कधी भरली म्हणून दिसेना. महिनाभर मी बॅटरीच्या दुकानदाराशी वाद घालत बसलो. शेवटी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून गंज न लागणारा रंग मारला आणि सगळे सुरळीत झाले. अर्थची वायर धन वायरइतकीच जाड हवी. सीटबेल्टच्या बोल्टला ती कधीच लावू नये.

बॅटरी बसवणे

८० एएचच्या बॅटरीचे वजन वीस किलोच्या आसपास असते. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात गाडी धडकली तर हे वीस किलो मागून येऊन कोणाच्या तरी पाठीत बसतील, एवढे चित्र मनात ठेवले की रबरी दोरीने बॅटरी बांधण्याचा विचार आपोआप सुटतो. लोखंडी कोन-पट्टीचा खोका करून तो गाडीच्या तळाला किमान चार बोल्टांनी, खालून रुंद वॉशर लावून आवळावा आणि वरून आडवी पट्टी घ्यावी. तळाला भोक पाडण्यापूर्वी खाली वाकून डिझेलची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग तर जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. अंदाजावर ड्रिल चालवू नये. धन टर्मिनलवर रबरी टोपी घालावी, कारण पुढे कधीतरी त्यावर पाना पडणारच असतो.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. मुख्य बॅटरीची ऋण वायर सर्वांत आधी काढावी, तिला कापड गुंडाळून बाजूला करावी आणि सर्वांत शेवटी परत लावावी. धन टोक आधी सोडायला गेले आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगीने पानाच वितळू शकतो. जोडणी करताना दोन्ही मोठे फ्यूज काढून ठेवावेत आणि सगळे आवळून, पुन्हा एकदा तपासून झाल्यावरच ते घालावेत. दोन्ही बॅटऱ्या आधी घरच्या चार्जरने पूर्ण भरलेल्या असाव्यात. एक भरलेली आणि एक रिकामी अशी जोडी जोडली तर पहिल्याच क्षणी मोठा प्रवाह वाहतो.

दिवे

दुसऱ्या बॅटरीपासून ३० अँपिअरच्या एका फ्यूजमधून सहा कप्प्यांच्या फ्यूज-पेटीत वायर न्यावी आणि तिथून प्रत्येक दिव्याला व सॉकेटला स्वतंत्र फ्यूज द्यावा. १८ वॅटच्या दोन दिव्यांना मिळून तीन अँपिअरच लागतात, त्यांना १.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो आणि दहा अँपिअरच्या चांगल्या बटणाला मध्ये रिले लागत नाही. जुने १०० वॅटचे हॅलोजन लावणाऱ्यांना मात्र तो लागतोच. तेव्हा रिलेच्या ३० क्रमांकाच्या पायाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवा, आणि ८५ व ८६ पैकी एकाला बटण, दुसऱ्याला अर्थ, एवढे लक्षात ठेवावे. वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नये.

कामाच्या दिव्यात झोताऐवजी पसरट प्रकाश असावा. लांब झोताने समोरचे झाड उजळते आणि पायाखालचा दगड दिसत नाही. मी एक दिवा टपावरच्या कॅरिअरच्या डाव्या बाजूला आणि एक मागच्या दारावर, दोन्ही किंचित खाली झुकवून बसवले आहेत. डावी बाजू निवडण्याचे कारण साधे आहे : रस्त्याकडेला उभे राहिल्यावर दरीची किंवा शेताची बाजू डावीकडे येते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. दोन्ही दिव्यांना आयपी-६७ दर्जा, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरण्याची खात्री, असावा. वायर कॅरिअरवरून खाली आणताना दाराच्या रबराजवळ तिला खालच्या बाजूला एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरवरून ओघळत आत न शिरता त्या वळशावरून थेंबथेंब गळून जाते.

चुंबकाच्या दिव्यासाठी टप लोखंडी पत्र्याचा असायला हवा; फायबरच्या टपावर किंवा ॲल्युमिनियमच्या कॅरिअरवर चुंबक धरत नाही. बुडाला रबर असलेला दिवा घ्यावा आणि त्याची वायर खिडकीतून सिगारेट-लायटरच्या सॉकेटपर्यंत पोहोचेल इतकी लांब असावी. हे सॉकेट मात्र दुसऱ्या बॅटरीवर घेतलेले हवे, नाहीतर सगळा खटाटोप वाया जातो. लुकलुकण्याचे दहा-दहा प्रकार असलेले दिवे मिळतात. त्यांतला सर्वांत संथ प्रकार निवडावा, कारण अंधारात जलद लुकलुकाटाने अंतराचा अंदाज चुकतो आणि शेजारी काम करणाऱ्याचेही डोके उठते. नव्या गाडीबरोबर मिळणारा लाल परावर्तक त्रिकोण वीज न खाता तेच काम करतो. सरळ रस्त्यावर तो गाडीच्या मागे पन्नास-साठ पावलांवर आणि घाटात मागच्या वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण घेण्याआधी दिसेल असा ठेवावा.

बॅटरी किती उरली हे सांगणारा छोटा व्होल्टमीटर डॅशबोर्डवर असावा. बॅटरी तासभर स्वस्थ असताना १२.६ किंवा १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. दिवे चालू असताना आकडा थोडा खालीच दिसतो, म्हणून मी चालू दिव्यांवर १२.० ला आपोआप तोडणारा कटआउट बसवला आहे. रात्रीच्या कामात मीटरकडे बघायला कोणाला सवड नसते.

चाचणी

इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मल्टिमीटर लावून आकडे लिहून ठेवावेत. मग गाडी सुरू करावी. मिनिटभरात रिलेचा ‘खट’ आवाज यायला हवा आणि दोन्हीकडे साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जवळजवळ सारखाच आकडा दिसायला हवा, ०.३ व्होल्टहून अधिक फरक असेल तर कुठेतरी लग ढिला आहे किंवा अर्थ कच्ची आहे, आणि हात लावल्यावर जो जोड गरम लागतो तोच बहुधा दोषी असतो. इंजिन बंद केल्यावर काही वेळाने रिले सुटला पाहिजे. बॅटरी नुकतीच भरलेली असेल तर व्होल्टेज उतरायला पाच-दहा मिनिटे लागतात, तेवढ्यावर घाबरू नये.

त्यानंतर सगळे बंद करून दुसऱ्या बॅटरीच्या ऋण वायरमध्ये मीटर मालिकेत लावून गळती मोजावी. पन्नास मिलिअँपिअरहून जास्त गळत असेल तर ती शोधावीच लागते. तेवढी गळतीही महिन्याभरात ३६ अँपिअर-तास पिऊन टाकते. शेवटची चाचणी घराच्या अंगणात करावी. रात्री सगळे दिवे लावावेत, सहा तास तसेच ठेवावेत, दर तासाला आकडा लिहावा आणि पहाटे सेल्फ मारावा. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली पाहिजे. हे काम मृगाच्या आधी उरकावे, म्हणजे काही चुकले तर दुरुस्तीला कोरडे दिवस मिळतात.

सहा तासांच्या वापरानंतर दुसरी बॅटरी भरायला तीन-चार तासांचा प्रवास लागतो आणि शेवटचा पाचवा हिस्सा तर फारच सावकाश भरतो. घरून बाजारापर्यंतच्या फेऱ्यांनी ती भरेल असे समजू नये. पंधरा दिवसांतून एकदा तिला रात्रभर घरच्या स्वयंचलित चार्जरवर ठेवावे. एजीएमसाठी चार्जरची त्या प्रकारची कळ निवडावी. सहा महिन्यांनी सगळे बोल्ट आवळून, टर्मिनलवरची पांढरी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून पुसावी आणि कोरडे झाल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

एवढे करूनही कधी मुख्य बॅटरीच बसली तर दुसरीने गाडी सुरू करता येते, पण ती मधल्या १६ स्क्वेअर एमएमच्या वायरीतून नव्हे, कारण सेल्फचा प्रवाह ६० अँपिअरचा फ्यूज तत्काळ उडवतो. त्यासाठी २५ स्क्वेअर एमएमच्या, सीटखालच्या बॅटरीपासून बोनेटपर्यंत पोहोचतील अशा जंपर वायरी गाडीत ठेवाव्यात. धन टोकाला धन जोडावे, मग काळ्या वायरीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि दुसरे टोक बसलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावावे, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ पडत नाही. या वायरींबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात प्रत्येक आकाराचे दोन-दोन जादा फ्यूज, दहा आणि तेरा नंबरचे पाने, आणि कुठली वायर कुठून कुठे गेली आहे याचा हाताने काढलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला नकाशा ठेवावा. माझ्या नकाशावर फ्यूज-पेटीचे कप्पे मराठीत लिहिले आहेत, कारण गाडी नेहमी मीच चालवतो असे नाही.